धार काढून आल्यावर

तक्रार एकाच ओळीची होती. ‘रोज संध्याकाळी धार काढून आल्यावर नेट हळू चालते.’ खाली नाव शिवप्रसाद मास्तर, गाव पोखर्णी, आणि फोन नंबर.

परभणीतल्या रंगनाथकाकांच्या केबल-नेटच्या ऑफिसात या ओळीवर आठवडाभर हसणं चाललं होतं. कुणी म्हणे, म्हशीला पासवर्ड सांगून ठेवला असेल. कुणी म्हणे, नेटला शेणाचा वास सोसत नसेल. दोन टेक्निशियन दोनदा जाऊन आले. दोघंही भर दुपारी गेले, वायर तपासली, स्पीड पाहिला, ‘लाईन ओके’ लिहिलं आणि चहा पिऊन परत आले. तीच ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा दैवशालानं कागद उचलला आणि विचारलं, "धार किती वाजता काढतात हे कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

ही दैवशाला म्हणजे काय चीज होती ते इथंच सांगून टाकलेलं बरं. वय पंचवीस. ऑफिसातून फिरतीवर जाणारी ती एकटीच मुलगी, आणि बिघाड शोधण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. हे तिला माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं नाटक ती करत नसे. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. त्यांनी लेकीला लहानपणीच एक धडा दिला होता, की एका वेळी एकच नट सैल करायचा. दोन केले की गाडी दुरुस्त होते, पण कशानं झाली ते कळत नाही. म्हणून तिच्या पिशवीत कायम एक वही असे. काय बदललं, काय झालं, ओळीनं लिहिलेलं. सापडलेला बिघाड तिनं आजवर एका दिवसासाठीही तसाच ठेवला नव्हता.

बुधवारी ती स्कूटीवरून पोखर्णीला निघाली. पौषातली थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आली होती. शिवप्रसादचं घर गावाच्या टोकाला होतं. तिनं अंगणात स्कूटी उभी केली, पण बंद करायच्या आधीच कडुलिंबाखालून आवाज आला.

"गाडी बंद करा. पान्हा चोरंल ती."

बोलणारा माणूस म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून बसला होता. गुडघ्यांत चरवी, तोंड पलीकडं. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दैवशालाला हुकूम ऐकायची सवय नव्हती, तरी तिनं गुपचूप चावी फिरवली. मास्तर कुठंयत म्हणून विचारलं, तर ‘येतील, आधी हिचं होऊ द्या’ असं उत्तर आलं.

मग ती उभी राहिली. चरवीत धारेचा आवाज येत होता, आणि तो माणूस म्हशीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. शब्द कळत नव्हते. गडी बरा ठेवलाय मास्तरांनी, असं तिच्या मनात आलं, आवाज तर फारच बरा आहे.

दहा मिनिटांनी तो उठला, हात धुतले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि म्हणाला, "बोला. मीच मास्तर."

"मग मघाशी सांगायचं ना."

"मघाशी मी मास्तर नव्हतो," तो म्हणाला, आणि हसला.

आता हसणाऱ्या माणसावर चिडायचं कसं, हा प्रश्न दैवशालाला पहिल्यांदाच पडला.

आत त्याची आई, कुसुमबाई, चुलीपुढं होती. चहा होईपर्यंत तिनंच सगळी हकिकत सांगितली. म्हैस म्हणजे चांदरी ही शिवप्रसादच्या वडलांनी घेतलेली. दोन वर्षांमागं ते गेले, आणि तेव्हापासून चांदरी परक्या कुणाला हात लावू देईना. कुसुमबाईचे गुडघे बसू देत नव्हते. शिवप्रसाद तेव्हा पुण्यात एका क्लासमध्ये शिकवायचा, ते सोडून गावी आला. आता त्याच क्लासच्या दहावीच्या पोरांना घरून, लॅपटॉपवर, गणित शिकवत होता.

घोडं पेंड खात होतं ते पुढं. गावात रोज सहा ते सात लाईट नसायची. राउटर छोट्या बॅटरीवर चालायचा, पण लॅपटॉपची बॅटरी जुनी, जेमतेम तास-सव्वातासाची. म्हणून धार काढायला उठताना तो झाकण मिटायचा आणि लॅपटॉपला झोपवायचा. पावणेसातला क्लास. झाकण उघडलं की नेट रांगायला लागायचं. पूर्ण बंद करून चालू केला तर नेट नीट धावे, पण त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्यात दहा मिनिटं लागत आणि निम्मी बॅटरी तिथंच संपे. मोबाईलवर शिकवावं तर गणिताचा फळा पोरांना दिसत नसे.

दैवशालानं त्याच्यासमोरच झाकण उघडलं. स्पीड पाहिला. एक. शेजारीच, त्याच वायफायवर, तिच्या मोबाईलला चाळीस. म्हणजे लाईन ठणठणीत होती. ऑफिसच्या नियमानं तिचं काम इथं संपत होतं, गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपशी कंपनीचा संबंध नव्हता. तिनं ते त्याला सांगितलंही.

"म्हणजे तुमी बी ‘लाईन ओके’ लिवणार," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला लागलं.

मग त्यानं सांगितलं. येत्या मंगळवारी पुण्याच्या मॅडम त्याचा डेमो बघणार होत्या. तास न अडखळता झाला तर घरून शिकवायचं काम कायम. नाही झाला तर एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं किंवा नोकरी सोडायची. तो पुण्याला गेला तर चांदरी विकायची, आणि आई एकटी.

"उद्या पाच वाजता येते," दैवशाला म्हणाली. "ऑफिस सुटल्यावर. हे माझं काम समजा, ऑफिसचं नाही."

गुरुवारी तिनं लॅपटॉप चार्जरवरून काढला आणि झोपवून पाहायला सुरुवात केली. पाच मिनिटं झोपवला, उठवला, चाळीस. दहा मिनिटं, चाळीस. वीस मिनिटं झोपवून उठवला तेव्हा स्पीड एकवर आला. तिनं वहीत लिहिलं आणि खूश होऊन मान हलवली. बिघाड हाताला लागत होता. फक्त त्याची एक अट होती, दर वेळी वीस मिनिटं थांबायचं.

"वीस मिनिटं काय करायचं मग?" शिवप्रसादनं विचारलं.

"गप्प बसायचं."

"ते मला जमत न्हाई. मास्तर आहे मी." आणि थोडं थांबून, "दैवशाला… नाव कुणी ठेवलं?"

आजीनं, ती म्हणाली, आणि त्या नावापायी वर्गातली पोरं तिला नुसतं ‘शाळा’ म्हणून चिडवायची, हेही सांगून बसली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग बरोबर पत्त्यावर आलात," तो म्हणाला.

तिनं वहीत डोकं घातलं. वहीत लिहिण्यासारखं त्या क्षणी काही नव्हतं, तरी घातलं.

घरी जाताना तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. परभणी जिल्ह्यातलं एकूण एक गिऱ्हाईक तिला ताई म्हणायचं. साठीचे म्हातारेसुद्धा ‘ताई, जरा नेट बघा’ म्हणत. शिवप्रसादनं दोन दिवसांत एकदाही ताई म्हटलं नव्हतं. प्रत्येक वाक्य तो काळजीपूर्वक, ताईला वळसा घालून बोलत होता. थंडीत हँडलवर बोटं गोठली होती, आणि दैवशाला एकटीच हसत होती.

शुक्रवारी तिनं चार्जर लावून लॅपटॉप वीस मिनिटं झोपवला. उठल्यावर चाळीस. चार्जर काढून वीस मिनिटं झोपवला. एक. आता कोडं जवळजवळ सुटलंच होतं. बॅटरीवर असताना आणि लांब झोप झाली तरच. या दोन झोपांच्या मधल्या वेळात शिवप्रसादनं तिला पुण्याची खोली, मेसचं पाणचट वरण आणि तिथं कधीच न आवडलेली संध्याकाळ, असं सगळं सांगितलं. तिनं वालूरचं मामाचं घर सांगितलं, जिथं ती दर उन्हाळ्यात म्हशींमागं हिंडायची आणि धार काढायला शिकली होती. तो म्हणाला, चांदरीपुढं वालूरच्या म्हशी म्हणजे गाई. ती म्हणाली, एकदा बसवून तर बघा. दोघंही थोडं जास्तच हसले.

मग तिनं लॅपटॉपच्या पोटात शिरून वायफाय कार्डाचं सेटिंग उघडलं, आणि बिघाड समोर उभा राहिला. बॅटरी वाचवण्यासाठी हे कार्ड बंद ठेवायची परवानगी, आणि त्यापुढं बरोबरची खूण. बॅटरीवर लांब झोप झाली की लॅपटॉप या कार्डालाही झोपवत होता. लॅपटॉप नंतर उठायचा, कार्ड मात्र अर्धवट झोपेतच काम करायचं. ती खूण काढली की झालं. एका बोटाचं काम.

तिचं बोट त्या खुणेवर गेलंही.

"उद्या शनिवार," मागून शिवप्रसाद म्हणाला. "शेतातनं हुरडा आणणार आहे. तुमी आल्यावरच भाजू… येणार ना?"

बिघाड गेला तर उद्या यायचं कशाला? हा प्रश्न इतका सरळ होता की दैवशालाला तिचा स्वतःचाच राग आला. तिनं खूण तशीच ठेवली, सेटिंग बंद केलं आणि म्हणाली, "अजून एक टेस्ट राहिलीय. जवळ आलंय."

वही तिनं उघडलीच नाही. खोटं बोलायला तिचं तोंड तयार झालं होतं, हात नव्हता.

परतीच्या वाटेवर तिनं हिशेब जुळवला. डेमो मंगळवारी. आज शुक्रवार. सोमवारी खूण काढली तरी एक दिवस हातात उरतो. कुणाचं काय बिघडतंय? असं तिनं स्वतःला तीनदा समजावलं, आणि तीनदा समजावावं लागलं यातच काय ते कळत होतं. पण तिला जायचं होतं. शनिवारी पाच वाजता त्या कडुलिंबाखाली तिला बसायचं होतं, इतकं की बाकी सगळं तिनं बाजूला सारलं.

शनिवारी तिनं राउटर कोनाड्यातून काढून फडताळावर ठेवला. काही फरक पडणार नाही हे तिला माहीत होतं. लॅपटॉप झोपला, आणि अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली. शिवप्रसाद गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे तिच्या ओंजळीत टाकत होता. कुसुमबाई तीळ-खोबऱ्याची चटणी ठेवून, गुडघे दुखतात म्हणत आत गेली. गुडघे दुखणारी बाई एवढ्या चटचट आत कशी गेली, हे दोघांनीही पाहिलं. हरभऱ्याच्या शेतातून वारा येत होता. वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. मग पंचवीस झाली, तीस झाली…

"उठवायचा का त्याला?" तो हळूच म्हणाला.

"झोपू द्या अजून जरा."

दैवशालाच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अप्रामाणिक संध्याकाळ होती. सोमवारी पक्कं करते, असं सांगून ती निघाली.

सोमवारी ती पाचच्या आधीच पोचली. शिवप्रसाद बाजेवर बसला होता. लॅपटॉप शेजारी, झाकण मिटलेलं.

"झाला," तो म्हणाला.

"काय झाला?"

"डेमो. मॅडमला मंगळवारी वेळ न्हवता. रविवारी दुपारी फोन आला, आजच घेऊ म्हणून. धार काढून बसलो… मी इकडं प्रमेय सांगायलोय, आणि तिकडं त्यांना माझं अडकलेलं उघडं तोंड दिसायलंय. दहा मिनिटांनी त्याच म्हणाल्या, राहू द्या सर." त्यानं मान खाली घातली. "एक तारखेला पुणे. गंगाखेडचा व्यापारी येत्या रविवारी चांदरीला बघायला येणार आहे."

"मला फोन का नाही केला?"

"सुट्टी होती तुमची. आणि तुमी सोमवार म्हणाला होतात."

दैवशाला उभ्यानंच म्हणाली, "मला शुक्रवारीच सापडला होता बिघाड. एका बोटाचं काम होतं. मी केलं नाही."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग चरवी उचलून तो गोठ्याकडं गेला.

रडायला वेळ होता, पण रडून काय होणार होतं? तिनं लॅपटॉप उघडला. खूण काढली. चार्जर काढून त्याला झोपवलं आणि समोर बसली. ही वीस मिनिटं तिनं एकटीनं काढली, आणि ती सरता सरत नव्हती. झाकण उघडलं. चाळीस. आयुष्यात पहिल्यांदाच तिला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

मग तिनं पिशवीतून तक्रारपत्रक काढलं. दोन प्रती, मध्ये कार्बन. प्रत्येक तक्रार बंद करताना ते भरावंच लागे. बिघाडाच्या रकान्यात तिनं बिघाड लिहिला, दुरुस्तीच्या रकान्यात दुरुस्ती. खाली एक रकाना होता, ‘विलंब झाला असल्यास कारण’. तिथं सगळे ‘पाऊस’ किंवा ‘गाडी पंक्चर’ असं काहीबाही लिहीत. तिनं लिहिलं, ‘बिघाड शुक्रवारी सापडला, दुरुस्ती सोमवारी केली. मधल्या काळातील गैरसोयीत शिक्षकांचा दोष नाही. विलंबाचे कारण: तंत्रज्ञाला इथे परत यायचे होते.’ आणि खाली पूर्ण सही केली.

शिवप्रसाद चरवी घेऊन परतला तेव्हा तिनं दोन्ही प्रती त्याच्यापुढं धरल्या. त्यानं कागद मास्तरासारखा दोनदा वाचला.

"हे ऑफिसात जाणार?"

"एक प्रत जाणार. दुसरी तुमची. ती पुण्याच्या मॅडमना पाठवा. तुमचं चुकलं नव्हतं हे त्यांना कळलं पाहिजे."

"आणि तुमच्या काकांनी काढून टाकलं तर?"

"तर दुसरीकडं काम करीन. काम येतं मला. लपवाछपवी येत नाही, ती या आठवड्यात केली. पुन्हा नाही करणार."

त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं, बाजेवर बसला आणि शेवटच्या रकान्यात, ‘ग्राहकाचा अभिप्राय’ होता तिथं, सावकाश दोन ओळी लिहिल्या. ‘बिघाड सापडल्याचे ग्राहकाला शुक्रवारीच समजले होते. ग्राहकालाही घाई नव्हती.’

दैवशालानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वही. दर टेस्टला तुमी लिवता. शुक्रवारी शेवटच्या टेस्टला वही उघडलीच न्हाई. सापडलं असंल, म्हणलं."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर शनिवारी आला असता का?"

ती एवढंच म्हणाली, "डेमो मात्र तुमचा गेला."

"डेमो माझा गेला. हुरडा दोघांनी खाल्ला," तो म्हणाला. "मघाशी राग आला होता मला. चांदरीपाशी बसलो तर आठवलं, यातला निम्मा दोष माझा आहे."

मंगळवारी रंगनाथकाकांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचला. आपण तक्रारपत्रक वाचतोय की लग्नपत्रिका, असं त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला हात लावला म्हणून पंधरा दिवस फिरती बंद, टेबलावर बसून फोन घ्यायचे, अशी शिक्षा झाली. दैवशालानं ती मुकाट्यानं घेतली. काका कागद फायलीला लावताना हसत होते, हे तिनं पाहिलं, पण दाखवलं नाही.

कागदाचा फोटो पाहून पुण्याच्या मॅडमचा त्याच दुपारी शिवप्रसादला फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा, की त्या तंत्रज्ञ बाई नंतर परत आल्या का? आणि गुरुवारी पावणेसातला पुन्हा डेमो द्या म्हणाल्या.

गुरुवारी दैवशाला आली ती पिशवीशिवाय. वही नाही, मीटर नाही, तक्रार नाही. रिकाम्या हातांनी या अंगणात आपण पहिल्यांदाच आलो, हे तिला स्कूटी लावताना जाणवलं. स्कूटी तिनं लांब रस्त्यावरच बंद केली आणि ढकलत आणली.

सव्वासहाला लॅपटॉप झोपला. लाईट गेलेलीच होती. शिवप्रसाद चांदरीखाली बसला. त्याचे हात थंड पडले होते, आणि म्हशीला ते बरोबर कळलं. पान्हा काही सोडेना. साडेसहा झाले. पावणेसातला पाच मिनिटं उरली. चरवीचा तळही झाकला नव्हता, आणि रेडकू दाव्याला हिसके देत होतं.

"उठा," दैवशाला म्हणाली.

"अशी सोडली तर उद्या आजारी पडंल ती."

"मी बसते. वालूरला काढल्यात मी धारा. तुम्ही आत जा. लॅपटॉपची हमी मी देते." तिनं त्याच्या हातातून चरवी घेतली. "हिची नाही देत."

तो गेला. ती बसली. चांदरीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि एक पाय उचलून आपटला. दैवशाला घाबरली, पण सरकली नाही. त्यानं टेकवलं होतं तसं तिनं म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि बोलायला लागली. काय बोलावं सुचेना, म्हणून शुक्रवारपासूनचं सगळं खरं खरं सांगितलं. मी चुकले, मला तो आवडतो, आता तू तरी अडवू नकोस, असं.

आतून त्याचा आवाज येत होता. समांतर रेषा, छेदिका, कोन. ती कान लावून ऐकत होती. एक वाक्य पुरं झालं. दुसरं झालं. पलीकडून मॅडमनी काहीतरी विचारलं आणि त्यानं लगेच, न थांबता उत्तर दिलं. आवाज कुठं तुटला नाही. त्याच वेळी तिच्या बोटांना ऊब लागली आणि चरवीत पहिली धार वाजली.

साडेसातला शिवप्रसाद बाहेर आला. लाईट आलेली होती. दैवशाला पायरीवर बसली होती, ओढणीवर दुधाचे शिंतोडे, शेजारी चरवी.

"एकदाबी अडकलं न्हाई," तो म्हणाला. "एक तारखेपासून कायम. इथूनच."

तिनं डोळे मिटून घेतले. मग चरवीकडं बोट दाखवलं. "निम्मीच दिली. बाकीचं चोरलं तिनं."

"पहिल्या दिवशी मला लाथ दिली होती." तो तिच्या शेजारी बसला, पण एक हात अंतर ठेवून. "हिचं एक असतंय… एकदा हात ओळखीचा झाला की मग माणूस बदललेला चालत न्हाई हिला."

"हिला?"

"मला बी चालत न्हाई, दैवशाला."

त्यानं तिला नावानं हाक पहिल्यांदाच अशी, पुढंमागं काही न लावता मारली होती. तिचा आवाज नेहमीसारखाच पक्का आला. "मला पण नाही चालणार. पण एका वेळी एकच नट. आधी त्या गंगाखेडच्या व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून सांगा. मग परभणीला येऊन माझ्या वडलांना भेटा."

"व्यापाऱ्याला मी सोमवारीच न्हाई म्हणून कळवलंय," दारातून कुसुमबाई म्हणाली. तिच्या हातात तक्रारपत्रकाची ती दुसरी प्रत होती, नीट घडी घातलेली. "तुमी दोघं लिवून ठिवता अन् बाजंवर टाकता. मला बी वाचता येतं की."

मग तिनं वाकून चरवी उचलली, आत डोकावून दूध पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेली.